कंबोडियातील बालदवाखाने आणि परदेशी स्वयंसेवक

बाराव्या शतकाच्या अखेरीस अंगकोर येथून राज्य करणाऱ्या सातव्या जयवर्मन या राजाच्या साम्राज्यात १०२ आरोग्यशाला होत्या, असा उल्लेख ता प्रोम मंदिरातील संस्कृत शिलालेखात आढळतो. भैषज्यगुरू बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या या आरोग्यशाळांपैकी काहींची दगडी देवळे आजही अंगकोरच्या परिसरात उभी आहेत. त्याच परिसरालगतच्या सिएम रीप शहरात याच राजाचे नाव धारण करणारे एक रुग्णालय आहे. ते मुलांचे आहे, तेथे उपचार विनामूल्य मिळतात आणि ते उभारले एका स्विस डॉक्टराने. ज्या भूमीत आठशे वर्षांपूर्वी राजा रुग्णसेवेची व्यवस्था करीत होता, तेथे विसाव्या शतकाच्या शेवटी आजारी मुलांसाठी परदेशी माणसाला धावून यावे लागले. असे का घडले आणि त्यातून पुढे काय निष्पन्न झाले, हे समजून घेतल्याखेरीज परदेशातील ग्रामीण बालदवाखान्यात सेवेसाठी जाण्याचा विचार करू नये.

दरवर्षी जगभरातून हजारो तरुण-तरुणी आशिया आणि आफ्रिकेतील खेड्यांत स्वयंसेवक म्हणून जातात. त्यांत डॉक्टर, परिचारिका व प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतात, वैद्यकीय विद्यार्थी असतात आणि वैद्यकाशी काहीही संबंध नसलेलेही असतात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही अलीकडे या वाटेने जाऊ लागली आहेत. हेतू बहुधा चांगलाच असतो. तथापि आजारी मुलाच्या बाबतीत चांगला हेतू पुरेसा नसतो. कंबोडियाच्या उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होते, कारण परदेशी मदतीचे उत्तम आणि शंकास्पद असे दोन्ही नमुने या देशाने जवळून पाहिले आहेत.

शून्यातून सुरुवात

एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने कंबोडियात जो संहार केला, त्यात सुशिक्षित वर्ग विशेषत्वाने बळी पडला. राजवट कोसळली तेव्हा देशात पन्नासच्या आसपासच डॉक्टर उरले होते, असे सांगितले जाते. वैद्यकीय महाविद्यालय बंद पडले होते आणि रुग्णालये ओस होती. त्यानंतरचे दशक यादवीत गेले. १९९१ च्या पॅरिस करारानंतर परिस्थिती हळूहळू निवळू लागली. घाईघाईने तयार केलेले वैद्यकीय कर्मचारी तोवर कामाला लागले होते, परंतु त्यांना मिळणारे वेतन महिन्याला काही मोजके डॉलर इतकेच होते. साहजिकच अनेकांनी खासगी व्यवसायाची वाट धरली आणि सरकारी दवाखाने दुपारनंतर रिकामे दिसू लागले.

२००० सालच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार कंबोडियात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १२४ मुले पाच वर्षांची होण्यापूर्वीच दगावत होती. २००५ मध्ये हे प्रमाण ८३, २०१० मध्ये ५४ आणि २०१४ मध्ये ३५ पर्यंत खाली आले. २०२१-२२ च्या पाहणीत ते १६ इतके नोंदले गेले. एका पिढीच्या आत झालेली ही घट असाधारण आहे. तिचे श्रेय लसीकरण, रस्ते, शिक्षण, वाढते उत्पन्न, सुधारलेली प्रसूतिसेवा आणि सरकारी आरोग्य केंद्रांचे जाळे या सर्वांना विभागून द्यावे लागेल. स्वयंसेवकांचा वाटा त्यात आहे, मात्र तो नेमका कोठे आहे हे पाहणे उद्बोधक ठरते.

एक वैद्य, एक छायाचित्रकार

झुरिचचे बालरोगतज्ज्ञ डॉ. बिएट रिचनर हे १९७४-७५ मध्ये रेड क्रॉसतर्फे नॉम पेन्ह येथील कांथा बोफा या बालरुग्णालयात काम करीत होते. ख्मेर रूजच्या आगमनामुळे त्यांना देश सोडावा लागला. पुढे राजे नरोदम सिहानुक यांच्या विनंतीवरून ते परतले आणि १९९२ मध्ये त्यांनी ते रुग्णालय पुन्हा सुरू केले. कांथा बोफा हे सिहानुक यांच्या बालपणीच दगावलेल्या कन्येचे नाव होय. १९९९ मध्ये सिएम रीप येथील जयवर्मन रुग्णालय सुरू झाले. रिचनर उत्तम चेलोवादक होते. शनिवारी सायंकाळी ते रुग्णालयाच्या सभागृहात बाखच्या रचना वाजवीत आणि अंगकोर पाहण्यास आलेल्या पर्यटकांना आवाहन करीत की, तरुणांनी रक्त द्यावे आणि वयस्करांनी पैसे द्यावेत. गरिबांना स्वस्तातले, कमी प्रतीचे वैद्यक पुरे, या विचाराला त्यांचा कडवा विरोध होता. त्यांच्या रुग्णालयांतील महागड्या उपकरणांवर आंतरराष्ट्रीय संस्थांनी टीका केली, परंतु त्यांनी माघार घेतली नाही. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. रुग्णालये आजही चालू आहेत, कारण ती चालविणारे डॉक्टर आणि परिचारिका जवळजवळ सर्वच कंबोडियन आहेत.

दुसरी व्यक्ती वैद्यकातील नव्हती. न्यूयॉर्कमध्ये राहणारे जपानी छायाचित्रकार केन्रो इझू १९९३ मध्ये अंगकोरच्या मंदिरांची छायाचित्रे घेण्यास आले. तेथील मुलांची दैना पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी 'फ्रेंड्स विदाउट अ बॉर्डर' ही संस्था काढली, छायाचित्रांच्या विक्रीतून व देणग्यांतून निधी उभा केला आणि १९९९ मध्ये सिएम रीपमध्ये 'अंगकोर हॉस्पिटल फॉर चिल्ड्रन' सुरू झाले. या रुग्णालयाने आरंभापासून अध्यापनावर भर दिला. परदेशी तज्ज्ञ येत, शिकवीत आणि जात. शिकलेले कंबोडियन डॉक्टर आणि परिचारिका मात्र तेथेच राहत. २०१० मध्ये रुग्णालयाने शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवरील सोत निकुम जिल्ह्यात, सरकारी रुग्णालयाच्या आवारात, मुलांसाठी उपकेंद्र उघडले. २०१३ मध्ये रुग्णालय मूळ संस्थेपासून स्वतंत्र झाले. त्यानंतर २०१५ मध्ये मूळ संस्थेने लाओसमधील लुआंग प्रबांग येथे याच पद्धतीचे दुसरे बालरुग्णालय सुरू केले.

स्वतः स्टेथोस्कोप न धरता छायाचित्रकाराने एवढे मोठे काम उभे केले, ही बाब वैद्यकेतर स्वयंसेवकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. निधी, हिशेब, औषधसाठ्याची नोंद, संगणक, पाणी-वीज, भांडार अशी अनेक कामे दवाखान्याला हवीच असतात. त्यांसाठी मुलाच्या अंगाला हात लावावा लागत नाही.

सोत निकुमचा 'नवा करार'

सोत निकुम हा जिल्हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ च्या दोन्ही अंगांस पसरला असून दक्षिणेस तोनले साप या महासरोवराच्या पाण्यापर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात मेकाँगचे पाणी उलटे वाहत येऊन हे सरोवर कित्येक पटींनी फुगते. काठावरील उंच खांबांवरची घरे तेव्हा पाण्यात उभी असतात आणि आजारी मुलाला नावेतूनच आणावे लागते. भातशेती व मासेमारी हे येथील मुख्य व्यवसाय आहेत.

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना हे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे. १९९९-२००० च्या सुमारास कंबोडियाचे आरोग्य मंत्रालय, 'मेदसाँ सां फ्राँतिएर' ही वैद्यकीय सेवा संस्था आणि युनिसेफ यांनी येथे एक प्रयोग आरंभिला. कर्मचाऱ्यांना जगण्यापुरते वेतन द्यायचे, त्याबदल्यात त्यांनी पूर्ण वेळ काम करायचे आणि रुग्णाकडून ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त काही घ्यायचे नाही, असा हा करार होता. दवाखाना सुधारला, रुग्ण वाढले, परंतु अगदी गरीब कुटुंबे तरीही येईनात. त्यांच्यासाठी २००० मध्ये 'आरोग्य समता निधी' सुरू झाला. स्थानिक संस्था गरिबांची खातरजमा करी आणि त्यांचे रुग्णालयाचे शुल्क, प्रवासखर्च व जेवण या निधीतून भागविले जाई. पुढे ही पद्धत देशभर स्वीकारली गेली आणि गरीब कुटुंबांना ओळखपत्रेही देण्यात आली.

या प्रयोगाचा अर्थ सरळ आहे. मूल दगावते ते केवळ औषध नसल्यामुळे नव्हे. बैल किंवा शेत विकल्याशिवाय दवाखान्यात जाता येत नाही, म्हणून आईबाप दोन दिवस थांबतात आणि त्या दोन दिवसांत न्यूमोनिया वाढतो. अशा ठिकाणी बाहेरून आलेला कुशल डॉक्टर दवाखान्यात बसून राहिला, तरी मूल त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. रिक्षाचे भाडे आणि परिचारिकेचे वेतन यांचा प्रश्न सोडविणे हीसुद्धा बालचिकित्साच होय.

केंद्रातील कामकाज

ग्रामीण बालदवाखान्याचा दिवस पहाटे सुरू होतो. दूरवरून आलेल्या आया व आज्या उजाडण्यापूर्वीच रांगेत असतात. मुलाच्या आईवडिलांपैकी कोणी थायलंडमध्ये किंवा राजधानीतील कापड कारखान्यात कामाला गेलेले असणे नित्याचेच आहे. त्यामुळे मुलाला घेऊन येणारी बहुधा आजी असते. रांगेतील सर्वांत अत्यवस्थ मूल प्रथम हुडकून काढणे हे परिचारिकेचे पहिले काम होय. मूल पीत नाही, सर्व काही ओकून टाकते, त्याला झटके आले आहेत किंवा ते सुस्त वा बेशुद्ध आहे, यांपैकी एकही लक्षण दिसले तरी ते रांग सोडून थेट आत जाते.

ही पद्धत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९० च्या दशकात तयार केलेल्या बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची आहे. महाराष्ट्रातील आरोग्य सेविकांनाही ती परिचित आहे. तिचे वैशिष्ट्य असे की, महागड्या तपासण्यांवाचून निर्णय घेता येतो. खोकणाऱ्या मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील तर तो जलद समजावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर अधिक काळजी घ्यावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजतात. तो ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरल्यास मूल अतितीव्र कुपोषित मानले जाते. अतिसारात पोटावरील त्वचा चिमटीत धरून सोडली आणि ती पूर्ववत होण्यास दोन सेकंदांहून अधिक काळ लागला, तर शरीरातील पाणी फार घटले आहे असे समजतात. जलसंजीवनी आणि १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या हा अतिसाराचा मुख्य उपचार होय. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साध्या मीठ-साखरेच्या द्रावणाची ताकद सिद्ध केली होती. त्या अनुभवाचा लाभ आज जगभरातील खेडी घेत आहेत.

या प्रदेशाचे स्वतःचे असेही काही आजार आहेत. पावसाळ्यात डेंग्यूची साथ येते. तिच्यातील धोका ताप चढलेला असताना नव्हे, तर बहुधा चौथ्या ते सहाव्या दिवशी ताप उतरू लागतो तेव्हा असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, मुलाचे हातपाय गार पडतात, आणि 'ताप गेला' म्हणून घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो. द्रव कमी देणे जितके घातक, तितकेच जास्त देणेही घातक. म्हणून दर काही तासांनी नाडी, रक्तदाब व लघवीची नोंद ठेवणारी परिचारिका हीच डेंग्यूवरील खरी उपाययोजना ठरते. भातखाचरांच्या मातीतील जिवाणूंमुळे होणारा मेलिऑइडोसिस हा दुसरा आजार होय. मुलांत तो कानाजवळील लाळग्रंथीवरील गळवाच्या रूपानेही दिसतो आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कर्नाटकात, तो आढळत असला तरी आपल्याकडील अनेक डॉक्टरांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. तिसरा आजार बेरीबेरी. सडलेल्या पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्या आईच्या दुधात थायमिन कमी असते. अशा वेळी दोन-चार महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळाचा आवाज बसतो, त्याला धाप लागते आणि हृदय निकामी होऊ लागते. थायमिनचे इंजेक्शन दिल्यास काही तासांतच बाळ सुधारते. न दिल्यास ते दगावू शकते. स्थानिक परिचारिका हे चित्र एका दृष्टिक्षेपात ओळखते. मोठ्या शहरातून आलेला तज्ज्ञ मात्र बराच काळ हृदयाच्या जन्मजात दोषाचा विचार करीत बसण्याचा संभव असतो.

येथे शिकणारा कोण आणि शिकविणारा कोण, हे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

रूढी, भाषा आणि गैरसमज

नव्याने आलेल्या स्वयंसेवकास एखाद्या मुलाच्या पाठीवर किंवा छातीवर लालजांभळे समांतर पट्टे दिसतात आणि मुलाला मारहाण झाली असावी असा त्याचा समज होतो. वस्तुतः ते 'कोस ख्याल' या घरगुती उपचाराचे वळ असतात. अंगात 'वारा' भरला म्हणून ताप आला, या समजुतीने बाम किंवा तेल लावून नाण्याने त्वचा घासतात. याने अपाय होत नाही, परंतु मूल काही दिवस आजारी आहे, हे त्यावरून जाणकारास कळते. बाळंतिणीला खाटेवर निजवून खाली निखारे ठेवण्याची ख्मेर प्रथा मराठी वाचकास परकी वाटणार नाही. आपल्याकडेही बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची चाल होतीच. गावातील वैदूला तेथे 'क्रू ख्मेर' म्हणतात. त्याच्याकडून आलेल्या आजीला रागावल्यास ती पुढच्या वेळी दवाखान्यात येत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरविणे तेथे अयोग्य समजले जाते, कारण मस्तक पवित्र मानतात. वडीलधाऱ्यांकडे पाय करून बसणेही अशिष्ट ठरते. हात जोडून केलेला 'सामपेआह' आपल्या नमस्कारासारखाच असतो. समोरच्याचा मान जितका अधिक, तितके जोडलेले हात उंच. ख्मेर भाषेत अंक पाचाच्या पटीने मोजतात. 'प्राम' म्हणजे पाच आणि 'प्राम-मुय' म्हणजे पाच आणि एक, अर्थात सहा. औषधाची मात्रा सांगताना हे अंक तरी अचूक यावेत. दुभाष्यामार्फत सांगितलेली सूचना आजीकडून तिच्या शब्दांत परत वदवून घेतल्याखेरीज ती पोहोचली असे समजू नये. आजी होकारार्थी मान हलविते, ती अनेकदा केवळ आदर म्हणून.

कुपोषित मुलांच्या आहाराबाबतही हेच दिसून आले. शेंगदाण्याच्या पौष्टिक लापशीची पाकिटे अनेक देशांत यशस्वी झाली, परंतु कंबोडियातील मुलांना ती चव मानवेना. पुढे मासळीचा वापर करून स्थानिक पर्याय तयार करण्यात आला. 'बोबोर' या भाताच्या पेजेत मासा, अंडे, हिरवी पाने आणि तेल घालण्याची सवय लावणे हा त्याहूनही स्वस्त उपाय होय. तो शिकविण्यासाठी गावातील दुसरी आईच अधिक उपयोगी पडते.

जेथे हेतू चुकतो

२०१४ च्या अखेरीस बाट्टामबांग प्रांतातील रोका या ठिकाणी दोनशेहून अधिक ग्रामस्थांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघड झाले. त्यांत मुले होती आणि वृद्धही होते. परवाना नसलेल्या एका गावठी डॉक्टराने सुया पुन्हा वापरल्याचे निष्पन्न झाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने त्याला २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. लोकांना तो आपला वाटे. रात्रीबेरात्री तो येई आणि उधारीवर उपचार करी. चांगुलपणा आणि कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेइतके कठोरपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

त्यापूर्वी २०१२ मध्ये एका अनाकलनीय आजाराने कंबोडियात पन्नासहून अधिक बालके दगावली. तपासाअंती बहुतेकांत एंटेरोव्हायरस ७१ हा विषाणू सापडला. यांतील अनेक मुलांना आधी स्टेरॉइड देण्यात आले होते आणि त्यामुळे प्रकृती अधिक बिघडल्याचेही जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले. काहीतरी केलेच पाहिजे, या भावनेने दिलेले प्रभावी औषध हे अनेकदा आजाराइतकेच घातक असते.

परवान्याचा प्रश्न केवळ स्थानिकांपुरता नाही. युगांडातील जिंजा येथे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकी तरुणीने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालविले. तेथे दाखल झालेली अनेक मुले दगावली. २०१९ मध्ये दोन मातांनी न्यायालयात दावा दाखल केला. २०२० मध्ये जबाबदारी मान्य न करता आर्थिक तडजोडीने तो मिटविण्यात आला. आपल्या देशात जे काम करण्याची परवानगी मिळणार नाही, ते काम गरीब देशात करायला मिळते म्हणून करू नये, हा साधा निकष या प्रकरणानंतर अधिक आग्रहाने मांडला जाऊ लागला. शिकाऊ विद्यार्थ्याने मायदेशी जी सुई वरिष्ठांच्या देखरेखीशिवाय टोचली नसती, ती परक्या मुलाला टोचणे म्हणजे त्या मुलाचा जीव सरावासाठी वापरणे होय.

जाण्यापूर्वी

इच्छुकाने प्रथम संस्थेला काही प्रश्न विचारावेत. दवाखाना कोण चालविते, स्थानिक सरकारी यंत्रणेशी त्याचे नाते काय, स्वयंसेवक निघून गेल्यावर त्याचे काम कोण करते, आणि स्वयंसेवकाने भरलेल्या शुल्कापैकी किती भाग दवाखान्यापर्यंत पोहोचतो? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी संस्था बहुधा विश्वासार्ह असते. कोणतीही पात्रता न विचारता 'मुलांवर उपचार करण्याची संधी' देऊ करणारी संस्था टाळलेलीच बरी.

डॉक्टर व परिचारिकांना त्या देशाच्या नियमांनुसार वैद्यक परिषदेची नोंदणी किंवा आरोग्य मंत्रालयाची अनुमती घ्यावी लागते. पर्यटक व्हिसावर काम करणे योग्य नाही. मायदेशातील नोंदणी प्रमाणपत्र, पदवी आणि अनुभवाचे दाखले यांच्या साक्षांकित प्रती बरोबर असाव्यात. मोठ्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्था अनुभवी व्यक्तींनाच घेतात आणि सामान्यतः अनेक महिन्यांची तयारी मागतात. शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांना कमी मुदत चालते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातही भारतीय नागरिकांना अर्ज करता येतो. दोन आठवड्यांत वैद्यकेतर व्यक्तीस फार काही साधता येत नाही. अनुभवी प्रशिक्षक मात्र एकाच विषयाचे, उदाहरणार्थ नवजात बाळास श्वास देण्याचे, शिक्षण देऊन तेवढ्या मुदतीतही उपयोगी पडू शकतो.

स्वतःच्या आरोग्याची सिद्धताही आवश्यक आहे. यकृतदाह अ व ब, विषमज्वर, धनुर्वात, गोवर, जपानी मेंदूज्वर आणि रेबीज यांच्या लसींबाबत पुरेसे आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोवर किंवा फ्लू झालेला स्वयंसेवक कुपोषित मुलांच्या कक्षात जाणे हा त्या मुलांना धोका असतो. रुग्णाची सुई टोचली गेल्यास एचआयव्हीप्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती जवळात जवळ कोठे मिळतील, हे पहिल्याच दिवशी माहीत करून घ्यावे. वैद्यकीय विमा आणि आणीबाणीत दुसऱ्या देशात हलविण्याची तरतूद असावी.

जुनी औषधे, मुदत संपत आलेल्या गोळ्या किंवा वापरलेली यंत्रे भेट म्हणून नेऊ नयेत. परक्या लिपीतील वेष्टन परिचारिकेला वाचता येत नाही आणि सुटा भाग न मिळणारे यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते. काय हवे ते दवाखान्याला विचारावे. शक्यतो पैसे द्यावेत आणि वस्तू तेथेच खरेदी करू द्याव्यात. आजारी मुलाचे छायाचित्र आईच्या खऱ्या संमतीशिवाय काढू नये. खाटेवर मूल आणि समोर पांढरा कोट घातलेला परदेशी माणूस असताना दिलेला होकार हा मोकळेपणाने दिलेला होकार नसतो.

परतीची वाट

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले आणि ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे आले. त्या गावांत मूल वाचविणारी व्यक्ती बाहेरून आलेली नव्हती. ती शेजारच्याच घरात राहत होती, तिला शिकविण्याचे काम मात्र कोणीतरी निष्ठेने केले होते. कंबोडियातील उत्तम बालरुग्णालयांची वाटचाल वेगळ्या मार्गाने याच ठिकाणी येऊन पोहोचली आहे.

म्हणून परदेशातील ग्रामीण बालदवाखान्यात जाणाऱ्याने आपण किती मुले तपासली याची मोजदाद ठेवू नये. आपण परतल्यानंतरच्या पावसाळ्यात, रात्री दोन वाजता, हातपाय गार पडलेले डेंग्यूचे मूल नावेतून आणले जाईल. त्या वेळी दवाखान्यात जागी असलेली परिचारिका त्याची नाडी मोजील, द्रवाचा वेग ठरवील आणि नोंदवहीत वेळ लिहील. तिला ते आत्मविश्वासाने करता आले आणि त्यात आपल्या शिकवण्याचा काही अंश असला, तर तो प्रवास कारणी लागला असे म्हणता येईल.